मऊपणाचे माप

मे महिन्यात आंब्याच्या आढीपाशी बसलेली आपली आजी डोळ्यांपुढे आणा. एकेक आंबा ती उचलते, अंगठ्याने हलकेच दाबते आणि सांगते, "हा आज खायचा, हा परवा, आणि हा अजून पेंढ्यात राहू दे." तिच्याजवळ काटा नाही, माप नाही. अंगठा किती रुतला आणि तेवढा रुतायला किती जोर लागला, या दोन गोष्टींची सांगड ती मनातल्या मनात घालते आणि निकाल देते. डॉक्टर रोग्याच्या अंगावरची गाठ बोटांनी चाचपतात, तेव्हा तेही याहून निराळे काही करीत नाहीत. गाठ मऊ आहे की टणक, हलते की चिकटून बसली आहे, हे त्यांचे बोट त्यांना सांगते.

श्रोतेहो, आज मी आपल्याशी बोलणार आहे तो विषय हाच, दाबून पाहण्याचा. फरक एवढाच की अंगठ्याच्या जागी एक सुई आहे आणि तिचे टोक मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाइतके बारीक असू शकते. आंब्याच्या जागी आहे शरीरातली एकच एक पेशी. आणि आजीच्या मनातल्या हिशेबाच्या जागी आहे गणित. हे गणित नीट केले तर सुईने सांगितलेले आपल्याला कळते. चुकले तर यंत्र उत्तम, चित्र सुरेख आणि निष्कर्ष मात्र खोटा, असा प्रकार होतो. तो कसा होतो आणि कसा टाळावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

या यंत्राचे नाव अणुबल सूक्ष्मदर्शक. गेर्ड बिनिग, कॅल्व्हिन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर या तिघांनी १९८६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. याला सूक्ष्मदर्शक म्हणावयाचे खरे, परंतु हा काही पाहत नाही. आंधळा मनुष्य काठीने वाट चाचपतो, तसा हा चाचपतो. एक अतिशय पातळ, लवचिक पट्टी असते. तिची लांबी मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढी. एक टोक पक्के धरलेले, दुसऱ्या टोकाखाली ती सुई. पोहण्याच्या तलावावरची उडी मारायची फळी असते ना, अगदी तशी रचना. सुई कशावर टेकली की पट्टी वाकते. पट्टीच्या पाठीवर लेझरचा किरण पाडलेला असतो. तो परावर्तित होऊन समोरच्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर पडतो. पट्टी केसभर नव्हे, केसाच्या लक्षांशाने वाकली तरी प्रकाशाचा ठिपका सरकतो आणि यंत्र त्याची नोंद घेते.

आता यात मौज अशी, की ही पट्टी म्हणजे एक साधी स्प्रिंग आहे. स्प्रिंग जितकी ताणावी तितके बल लागते, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली प्रसिद्ध केला. याच हूक यांनी १६६५ साली बुचाचा पातळ काप भिंगाखाली पाहून त्यातल्या लहान लहान कप्प्यांना जे नाव दिले, तोच शब्द पुढे शास्त्रात पेशीसाठी रूढ झाला. ज्याने पेशीला नाव दिले, त्याच्याच स्प्रिंगने आज आपण पेशी दाबून पाहतो आहोत.

बरे, यंत्र प्रत्यक्षात लिहून काय ठेवते? पुष्कळांची अशी समजूत असते की पडद्यावर रंगीत चित्र उमटते, पिवळे ते ताठ आणि निळे ते मऊ, आणि काम संपले. तसे नाही. यंत्र दोनच गोष्टी लिहिते. पट्टीचे बूड किती खाली नेले, ही एक. आणि चकतीवर विजेचा दाब किती बदलला, ही दुसरी. यांत बल नाही आणि ताठरपणाही नाही. ते दोन्ही आपण हिशेबाने काढावयाचे असतात. पेशीवर जाळे कल्पून, समजा उभे ६४ आणि आडवे ६४ चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनात सुई एकदा दाबून वर उचलतात. म्हणजे एका चित्रासाठी ४,०९६ दाब आणि ४,०९६ आलेख. या आलेखाला बलवक्र म्हणतात. चित्रातला प्रत्येक रंगीत ठिपका म्हणजे अशा एका बलवक्रावरून काढलेले अनुमान. अनुमान हा शब्द आपण ध्यानात ठेवावा.

एक उदाहरण घेऊन हिशेब करू. पट्टीचे बूड ५०० नॅनोमीटर खाली नेले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. खाली काच असती तर सुई मुळीच रुतली नसती आणि पट्टी पुरी ५०० वाकली असती. पण खाली पेशी आहे आणि पट्टी वाकली फक्त १० नॅनोमीटर. मग उरलेले ४९० गेले कुठे? तेवढी सुई पेशीत रुतली. ही वजाबाकी चौथीतल्या मुलाला येईल. परंतु ती विसरून बूड जेवढे उतरले तेवढीच सुई रुतली असे धरणारेही पुष्कळ सापडतात. मऊ पेशीवर ही चूक लहान दिसते. जिन्नस जसजसा ताठ होत जातो तसतशी ती मोठी होत जाते.

रुतणे कळले, आता बल. पट्टी १० नॅनोमीटर वाकली, पण तेवढी वाकवायला किती जोर लागतो? त्यासाठी पट्टीचा स्प्रिंगांक ठाऊक हवा. डबीवर कारखान्याने एक आकडा छापलेला असतो. तो सगळ्या घाण्याचा असतो, आपल्या हातातल्या पट्टीचा नव्हे. पट्टीची जाडी थोडीशी इकडेतिकडे झाली तर हा अंक कितीतरी बदलतो, कारण तो जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून प्रत्येक पट्टी स्वतः तपासावी लागते. तपासण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. पट्टीला कोणी हात लावला नाही तरी भोवतालच्या उष्णतेने ती आपोआप थरथरत असते. पट्टी जितकी लवचिक, तितकी थरथर मोठी. मीटरला ०.०५ न्यूटन अंकाची पट्टी खोलीच्या तापमानात सरासरी ०.३ नॅनोमीटर थरथरते. ही थरथर मोजली की उलट्या हिशेबाने अंक मिळतो. आपल्या उदाहरणातली पट्टी याच अंकाची धरली तर बल निघते न्यूटनच्या अब्जांशाचा अर्धा भाग. एका मायक्रोग्रॅमच्या विसाव्या हिश्श्याचे वजन म्हणा ना.

इथे एक धोका सांगून ठेवतो. हा अंक पाव हिश्श्याने चुकला तर चित्रातले सगळेच आकडे तेवढ्याने चुकतात. चित्र मात्र जसेच्या तसे दिसते. मऊ जागी मऊ, ताठ जागी ताठ. चित्राकडे पाहून ही चूक कोणालाही, अगदी जाणत्यालाही, पकडता यावयाची नाही. ती वहीतच सापडते, आणि तीही वही नीट लिहिलेली असेल तरच.

आता पुढचा प्रश्न. सुई पेशीला टेकली नेमकी केव्हा? काचेवर टेकताच आलेख एकदम वळतो, टेकल्याची जागा उघड दिसते. पेशी इतकी मऊ असते की तिच्यावर आलेख हलके हलके वर चढतो. पहाट नेमकी कोणत्या मिनिटाला झाली असे विचारण्यासारखेच ते. पण उत्तर तर द्यावेच लागते, कारण रुतण्याची खोली तिथूनच मोजावयाची. खोली खरोखर २०० नॅनोमीटर असताना आपण ५० उशिरा टेकलो असे मानले, तर खोली १५० धरली जाते आणि ताठरपणा दीडपटीहून जास्त निघतो. हीच ५० ची चूक ४९० खोलीवर झाली तर उत्तर सुमारे १७ टक्क्यांनी चुकते. म्हणून जाणते लोक टेकण्याचा बिंदू डोळ्यांनी ठरवून मोकळे होत नाहीत. सगळा वक्र गणिताच्या सूत्राशी जुळवून पाहतात, आणि तो बिंदूही त्या जुळणीतूनच काढतात.

ते सूत्र कोणाचे? श्रोतेहो, ज्या विद्युत्‌लहरींवर बसून माझा आवाज आपल्या घरात येतो, त्या लहरी प्रयोगाने दाखवून देणारे हाइन्रिख हर्ट्झ आपल्याला माहीत आहेतच. लहरींच्या आधी, १८८१ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, बर्लिनमध्ये असताना त्यांनी एक निराळाच प्रश्न सोडवला होता. काचेची दोन भिंगे एकमेकांवर दाबली तर स्पर्शाच्या जागी ती किती चपटी होतात? त्या उत्तरावर आज पेशींचे मोजमाप चालते. गोलाकार टोक सपाट पदार्थात रुतले तर बल खोलीच्या दीडाव्या घाताप्रमाणे वाढते, असे ते सूत्र सांगते. आपल्या उदाहरणात सुईच्या टोकाला अडीच मायक्रॉन त्रिज्येची गोळी चिकटवलेली आहे असे धरा. सूत्रात आकडे घातले की पेशीचा गुणांक येतो सुमारे अर्धा किलोपास्कल. थॉमस यंग यांच्या नावाने ओळखला जातो तो हाच गुणांक. काचेचा गुणांक सुमारे ७० अब्ज पास्कल. म्हणजे एक किलोपास्कलची पेशी काचेपेक्षा सात कोटी पटींनी मऊ झाली.

पण हर्ट्झ यांनी हे सूत्र काही अटींवर दिले होते. पदार्थ सर्वत्र सारखा असावा. तो खूप जाड असावा. रुतणे थोडे असावे. आणि दाब काढला की तो पूर्ववत व्हावा. आता पेशी यातले काय काय पाळते? तिच्या आत केंद्रक आहे, तंतू आहेत, पाणी आहे, म्हणजे ती सर्वत्र सारखी नाही. कणकेच्या गोळ्यावर बोट सावकाश टेकवले तर ते सहज आत जाते आणि चापट मारली तर गोळा हाताला लागतो. पेशीचेही तसेच. सुई भरभर दाबली तर पेशी जास्त ताठ भासते. म्हणून दाबण्याचा वेग सांगितल्याखेरीज उत्तराला अर्थ नाही. सुईच्या आकाराचेही तेच. बाझेलच्या संशोधकांनी २००४ साली डुकराच्या सांध्यातील कूर्चा दोन प्रकारे दाबून पाहिली, एकदा बारीक गोळीने आणि एकदा तीक्ष्ण टोकाने. दोन उत्तरांत सुमारे शंभरपटींचा फरक पडला. दोन्ही बरोबरच होती. गोळीने सगळ्या विणीचा ताठरपणा सांगितला, टोकाने विणीतल्या बारीक धाग्यांचा.

आणि जाडीचे? त्याबद्दल माझीच एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीने पेशीचा एक नकाशा आणून माझ्यापुढे ठेवला. मधोमध मऊ आणि कडेकडेने ताठ, जणू काठ घातलेले पातळ! मी खूश झालो. पेशीच्या कडेला तंतूंचे बळकट कुंपण असले पाहिजे, असा सिद्धान्तही मी चहा पिता पिता तयार केला. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, उंचीचं चित्र शेजारी ठेवून बघू या का?" ठेवले. जिथे जिथे पेशी पातळ, तिथे तिथेच ती ताठ! कडेला पेशीची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी होती, आणि आमची सुई तिच्यातून खालच्या काचेला जोखत होती. सतरंजी पातळ असली की खालची फरशी टोचते, त्यातला प्रकार. आम्ही मोजला होता तो काचेचा ताठरपणा आणि नाव मात्र पेशीचे दिले होते. तेव्हापासून आमच्याकडे एक शिस्त आहे. ताठरपणाचा नकाशा उंचीच्या नकाशावाचून पाहावयाचा नाही. आणि साधारण नियम असा, की जाडीच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे सुई रुतवू नये. त्यापलीकडे जावेच लागले तर पातळपणाची सुधारणा केलेले सूत्र वापरावे.

आता ४,०९६ आकडे हातात आले. त्यांचे करावयाचे काय? पहिले काम निवडीचे. काही वक्र सूत्राशी जुळतच नाहीत. कुठे सुई चिकटली, कुठे सरकली, कुठे पेशीच हलली. ते वगळावे. पण किती वगळले आणि कोणत्या नियमाने वगळले, ते आधीच ठरवून लिहून ठेवावे. आपल्या मताला गैरसोयीचे तेवढे आकडे वाईट, असे मानण्याचा मोह फार मोठा असतो. वगळलेल्या जागा शेजारच्या रंगाने भरून काढू नयेत. चित्रात भोक दिसले तर दिसू द्यावे.

दुसरे काम मोजणीचे. इथे तर भलेभले घसरतात. ४,०९६ आकडे आहेत, तेव्हा आपला पुरावा भक्कम, असे वाटते. परंतु ते सगळे एकाच पेशीचे आहेत. एकाच घरातल्या माणसाला चार हजार वेळा प्रश्न विचारून कोणी गावाची खानेसुमारी केली, तर आपण त्याला काय म्हणू? पेशी किती मोजल्या, आणि त्या किती रोग्यांच्या होत्या, हीच खरी संख्या.

तिसरे काम सरासरीचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. पुन्हा आपण आढीकडे जाऊ. समजा एका टोपलीत निम्मे आंबे कच्चे, दगडासारखे आहेत आणि निम्मे नासून गळालेले. सगळे दाबून सरासरी काढली तर उत्तर येईल, आंबे अगदी खाण्याजोगे पिकले आहेत! आणि टोपलीत पिकलेला आंबा एकही नाही. म्हणून सरासरी काढण्याआधी सर्व आकड्यांचा स्तंभालेख काढावा आणि तो डोळे भरून पाहावा. त्याला शिखर एक आहे की दोन? तो अरुंद आहे की पसरट? एका अंगाला शेपूट लांबले आहे काय? पेशींच्या बाबतीत ते बहुधा ताठ बाजूला लांबते, आणि मोजके ताठ ठिपके सरासरीला आपल्याकडे ओढून नेतात. अशा वेळी मध्यक जास्त प्रामाणिक ठरतो.

याची गरज काय, असे आपण विचाराल. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी २००७ साली रोग्यांच्या फुप्फुसावरणात साठलेल्या पाण्यातून पेशी घेतल्या आणि या सुईने दाबल्या. त्यांतल्या कर्करोगाच्या पेशी आणि साध्या पेशी पुष्कळदा दिसायला सारख्याच असतात. दाबल्यावर मात्र कर्करोगाच्या पेशींचा गुणांक सुमारे ०.५३ किलोपास्कल निघाला आणि साध्या पेशींचा १.९७. कर्करोगाच्या पेशी सत्तर टक्क्यांहूनही अधिक मऊ! आता पाहा, डॉक्टरांच्या बोटाला कर्करोगाची गाठ लागते ती टणक. मग खोटे कोण, बोट की सुई?

खोटे कोणीच नाही. बोट सगळी गाठ दाबते, आणि गाठीत पेशींभोवती कोलॅजेनच्या तंतूंची दाट, ताठ वीण माजलेली असते. सुई एकेक जागा निरनिराळी दाबते. २०१२ साली बाझेलच्या संशोधकांनी स्तनातून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यांवर जागोजाग सुई दाबून असे स्तंभालेख काढले. निरोगी भागाच्या आणि साध्या गाठीच्या आलेखाला एकच शिखर होते. कर्करोगाच्या गाठीचा आलेख पसरट होता, आणि त्यात मऊ बाजूला एक वेगळे शिखर उभे होते. म्हणजे ओळख पटली ती एका आकड्याने नव्हे, आकड्यांच्या पसरण्याने. तेच आकडे कोणी घाईने सरासरीच्या एका खणात कोंबले असते, तर ते मऊ शिखर त्यात नाहीसे झाले असते. आणि श्रोतेहो, त्या प्रत्येक तुकड्यामागे निकालाची वाट पाहणारी एक बाई होती.

म्हणूनच उतावीळपणा नको. एकाच जातीच्या स्तनकर्करोगाच्या पेशी अनेक प्रयोगशाळांनी निरनिराळ्या पद्धतींनी मोजल्या आणि २०१८ साली निकाल शेजारी शेजारी मांडले. गुणांकात हजारपटींपर्यंत तफावत पडली! त्याआधी २०१७ साली युरोपातील काही प्रयोगशाळांनी मिळून या यंत्रापुरती एक ठराविक पद्धत घालून दिली. पट्टी कशी तपासावी आणि तिच्या अंकातली चूक कशी सुधारून घ्यावी, हे त्यात ठरले. ती पाळताच निरनिराळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांच्या पुष्कळ जवळ आले. यंत्रे तीच होती, सुधारला तो हिशेब. गाठीचा निर्णय आजही डॉक्टर नेहमीच्या तपासण्यांवरूनच देतात. सुईचा आकडा त्यांच्या जागी येऊन बसलेला नाही, आणि हिशेबाची ही शिस्त सगळीकडे रुळेपर्यंत त्याने बसूही नये.

तेव्हा उद्या वर्तमानपत्रात "अमुक पेशी इतक्या किलोपास्कलची" असे वाचलेत, तर चार प्रश्न मनाशी जरूर विचारा. सुई कसली होती? किती खोल आणि किती वेगाने दाबली? किती रोग्यांच्या पेशी होत्या? आणि सरासरीखाली काय झाकले गेले आहे? आजी आंब्याला हात लावण्याआधी आढी कोणत्या दिवशी घातली, हे विचारते. अंगठ्याने दाबते ती त्यानंतर.